ताळा

वर्षाचं पत्र संक्रांतीच्या सुमारास आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय. अशी पत्रं अजून मिळतात हेच मला ठाऊक नव्हतं. पोस्टमनने ते फाटकाच्या सळईत अडकवलं होतं, आणि वरचं अक्षर पाहूनच मी ओळखलं की हे माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं असणार, कारण पत्त्यातला पिन कोड चौकटींत एकेक आकडा नीट मध्यभागी बसवून लिहिला होता. 'सर, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते आहे,' अशी सुरुवात होती. वर्षा म्हणजे तांड्यावरच्या खेमसिंग राठोडची मुलगी, यवतमाळच्या शाळेत माझ्या वर्गात खिडकीजवळ बसायची. आता बाभुळगावजवळ मतिमंद मुलांची निवासी शाळा आहे, तिथे ती शिकवते. तिने लिहिलं होतं की तिच्या वर्गात सत्यशीला नावाची एक मोठी मुलगी आहे. ती शाळेत आली तेव्हा एकपासून शंभरपर्यंत एका दमात म्हणायची. तिच्या वडिलांनी, उकंडाभाऊंनी, तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शेताच्या वाटेवर ते शिकवलं होतं. कार्यक्रमाला पाहुणे आले की संस्थेचे सचिव तिला पुढे उभी करत आणि टाळ्या पडत. पण तीन पेले आण म्हटलं, की ती शंभरपर्यंत म्हणायची आणि हाताला येतील तेवढे पेले उचलून आणायची. म्हणून वर्षाने आकडे म्हणायला लावणं सोडून दिलं. नुसतं एकच विचारायची, पुरतं का? झाकणं भांड्यांना पुरतात का, चपला पायांना पुरतात का. आणि वर्षभराने, पुढे लिहिलं होतं, 'दिवाळीला घरी नेऊन परत आणून सोडताना तिचे वडील मला म्हणाले, बाई, तिचे शंभर कुठं गेले? सचिवसाहेब म्हणतात, होतं तेही तुम्ही घालवलं. आता तिला वर्गात ठेवून उपयोग नाही, फिनाईलच्या बाटल्या भरायच्या कामाला लावू. येत्या दिवाळीपर्यंत त्यांनी मला वेळ दिला आहे. तुम्ही आम्हाला सांगत होता, उत्तर आलं की उठायचं नाही, आधी ताळा पाहायचा. मला माझा ताळा पाहता येत नाही. मी तिचे शंभर घालवले, हे खरं. बदल्यात तिला काही मिळालं का, एवढं तुम्ही येऊन पाहाल का? नसेल मिळालं तर तसंही लिहा. मी ऐकेन.'

उत्तर लिहायला मी त्याच दिवशी बसलो होतो. नंतरही पुष्कळदा बसलो. पण प्रत्येक वेळी 'चि. वर्षास' लिहून झालं की मला वाटायचं, हिला वाटतंय तो माणूस मी नव्हेच. मला मुलांपेक्षा पुस्तकं सोपी जातात. म्हणून मी नगर वाचनालयातून या विषयावरची जी मिळतील ती पुस्तकं आणली, टिपणं काढली. मग एक आठ पानी पत्र तयार झालं. त्यात संख्येची कल्पना मनात कशी घडते याचे टप्पे होते, एकास एक जोडीचं महत्त्व होतं, नुसत्या पाठांतराचे धोके होते. ते मी वाचून पाहिलं. सगळं बरोबर होतं आणि त्यात सत्यशीला कुठेच नव्हती. मी ते पत्र उशीखाली ठेवलं, मग कपाटात ठेवलं, मग त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर दुधाचा हिशोब लिहू लागलो. उन्हाळा आला. टाकळीच्या बाजूने गरम वारा यायचा आणि मी दारं लावून आत पडलेला असायचो तेव्हा मधेच ते वाक्य आठवायचं, मी ऐकेन. इतक्या सहजपणे कोणी असं म्हणत नाही. जन्मभर मी वर्गात उभा राहिलो, फळ्याकडे तोंड करून जास्त आणि मुलांकडे तोंड करून कमी, आणि माझी मुलं शंभरातले शंभर आणत तेव्हाही मला आतून एक धाकधूक असायची की हे नुसतं म्हणून दाखवताहेत. त्या शंभराचं पुढे काय होतं, कुठे जातं ते, हे मी कधी पाहायला गेलो नाही. आता ही मुलगी मला तेच पाहायला बोलावत होती आणि मी पंखा लावून पडलो होतो.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी वाचनालयाचा जिना उतरत होतो. हा जिना मी तरुणपणापासून उतरतो आहे. वीज गेली होती, कोपऱ्यावर अंधार होता, आणि हातातल्या पुस्तकाची पाठ न्याहाळत मी खाली येत होतो. अजून एक पायरी आहे असं धरून मी पाय टाकला आणि पायरी नव्हती. जमीन एकदम वर आली. टाचेतून दातांपर्यंत हादरा गेला, पुस्तक पडलं. टेबलामागून वाचनालयाचा घनश्याम हसला, 'सर, पायरी संपली ना जी! जमीन कायले तुडवून राह्यले?' मी कठड्याला धरून उभा राहिलो. लागलं नव्हतं. पण मला वाटत होतं की आत्ता काहीतरी फार महत्त्वाचं घडलं. मी पायऱ्या मोजत नव्हतो. या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तरी माझ्या पायाने काहीतरी धरून ठेवलं होतं, आणि ते चुकलं तेव्हा सगळ्या अंगाला कळलं होतं. म्हणजे आकडा तोंडात येण्याआधी तो कुठेतरी असतो. पायात असेल. असा विचार करत मी उभा होतो आणि घनश्याम विचारत होता, 'पाणी देऊ काय? चेहरा काहून असा झाला?' मी म्हटलं, 'बाभुळगावची बस किती वाजता आहे?' तो म्हणाला, 'घ्या! डोक्याले लागलं वाटते.'

बसमध्ये खिडकीशी बसलो तरी मला परत उतरावंसं वाटत होतं. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी झाली होती, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. न कळवता निघालो होतो. कळवलं असतं तर यावंच लागलं असतं, म्हणून कळवलं नाही. ही माझी जुनी युक्ती आहे. आणि पुस्तकं वाचताना मी जे नाव बाजूला सारत आलो होतो ते आता खिडकीच्या गजावर गाल टेकवल्याबरोबर येऊन बसलं. ताना. माझी थोरली बहीण. वडील झरी जामणीकडे जंगल खात्यात कारकून होते, सागाच्या डेपोला लागून आमचं घर होतं. घरात तिला भोळी म्हणत, बाहेर काय म्हणत ते मला ऐकू यायचं. तिला अक्षर आलं नाही, आकडा आला नाही. पण संध्याकाळी पानं मांडली की ती बसायची नाही. आधी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावायची. वडिलांच्या, आईच्या, माझ्या, कोणी पाहुणा असेल तर त्याच्याही. तळहात टेकवायची, क्षणभर थांबायची, पुढे जायची. वडील म्हणायचे, 'झाली का तानाची हजेरी?' एखाद्या दिवशी वडील फिरतीवर असले, की ती दारात जाऊन उभी राहायची आणि आईने ओढून आणलं तरी घास तोंडात फिरवत बसायची. तिचा हात गरम आणि थोडा चिकट असे. मी मान आकसून घ्यायचो. मी अमरावतीला शिकायला गेलो त्या वर्षी ती तापाने गेली. सुट्टीत घरी आलो तेव्हा पानं मांडली आणि सगळे सरळ जेवायला बसले. कोणी कोणाच्या डोक्याला हात लावला नाही. मला घास गिळवेना, आणि आईला वाटलं भाजी तिखट झाली.

शाळा रस्त्यापासून थोडी आत होती. पत्र्याची लांब खोली, पुढे कडुलिंब, त्याखाली मुलं. वर्षा मला पाहून उठली, हातातला झाडू तसाच राहिला. केसात पांढरं दिसत होतं. 'सर! तुम्ही खरंच आले काय?' म्हणाली आणि वाकून पायाला हात लावला. मी पत्राचं काहीतरी बोलू लागलो, तर म्हणाली, 'राहू द्या ना सर. मले वाटलंच होतं तुम्ही उत्तराचा ताळा पाहून राह्यले असाल.' ती हसत होती, त्यामुळे मला आणखीच लाजल्यासारखं झालं. स्वयंपाकघराच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. मोतीबाई, मुलं तिला याडी म्हणतात, बंजारांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. तिने मला वरून खाली पाहिलं. 'हेच काय तुझे गणिताचे सर? मले वाटलं मोठे असतील अंगानं.'

सत्यशीला जेवायला बसायच्या पट्ट्या अंथरत होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, दोन वेण्या आणि त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या फिती. तिचं काम मी भिंतीशी उभा राहून पाहत होतो. पट्ट्या अंथरून झाल्यावर तिने केळ्यांची टोपली आणली. एक केळं उचलायची, एका पट्टीवर ठेवायची, पुन्हा टोपलीशी यायची. दोन केळी एकदम उचलली असती तर निम्मी ये-जा वाचली असती, पण ती एकच उचलायची, जणू ते फार जड आहे. शेवटचं केळं शेवटच्या पट्टीवर ठेवलं, टोपली उलटी करून आत पाहिलं, आणि मोठ्याने ओरडली, 'पुरले!' वर्षा म्हणाली, 'पुरले का? शाब्बास.' मग सत्यशीलाने सगळी केळी परत टोपलीत गोळा केली, कारण ती जेवणानंतर द्यायची असतात. 'हे रोज?' मी विचारलं. 'रोज. कधी केळी, कधी चमचे. आधी नुसतीच वाटत जायची सर, अन् शेवटाले कमी पडलं की भोकाड पसरायची. काहून कमी पडलं थे समजे नाही तिले. वाटायच्या आधी पाहून घ्यायचं असते, हे शिकायले पाऊण वर्ष लागलं.' हे तिने हळू आवाजात सांगितलं. मोतीबाई आतून म्हणाली, 'अन् माह्यं वरण रोज थंड होते थे नाही सांगत सरले.'

मग ताटं आली. ती पण तशीच, एकेक. पोरं हात धुऊन येत होती, एकजण माझ्या धोतराचा काठ धरून उभा होता. सगळ्या पट्ट्यांसमोर ताटं मांडून झाली आणि सत्यशीलाच्या हातात एक ताट उरलं. ते तिने ओळीच्या टोकाला, जरा अंतर सोडून, जमिनीवर ठेवलं. तिथे पट्टी नव्हती, कोणी बसलेलं नव्हतं. ती त्या ताटाकडे पाहून निघून गेली. कोणीतरी घरी गेलेलं असेल. की परत न येणारं कोणी असेल. ही मुलगी नसलेल्या माणसाचंही पान मांडते आहे. मला दारात उभी राहिलेली ताना दिसली. उत्तर सापडलं असं वाटलं मला, आठ पानांपेक्षा मोठं उत्तर. मी वर्षाच्या कानाशी म्हणालो, 'ते शेवटचं ताट. कोणासाठी आहे?' आवाज माझाच मला ओलसर ऐकू आला.

वर्षाने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठ चावून हसू आवरलं. 'कोणासाठीच नाही सर. त्याचा काठ वाकला आहे. तिले आवडत नाही थे, म्हणून रोज दूर टाकते. पहिल्यांदा मलेही तसंच वाटलं होतं, तुम्हाला वाटलं तसंच. घरी जाऊन रडलेही मी. मंग याडीनं सांगितलं.' तिने माझ्या दंडाला हळूच हात लावला. 'तिच्यात आपलं आपलं दिसायले लागलं की चुकते सर.'

मी मान हलवली. एवढा वेळ छातीत फुगलेलं काहीतरी खाली बसलं, आणि नवल म्हणजे बरं वाटलं. डोळे धुतल्यासारखं. वाकलेलं ताट वाकलेलंच होतं. 'आता जेवूनच जा,' वर्षा म्हणाली आणि मी नको नको म्हणत असताना मोतीबाईने एक पट्टी आणून त्याच ताटापाशी टाकली. 'बसा जी. काठ वाकला तरी भाकर सरळच हाये.' मी बसलो. वरण-भात, भाकरी, वांग्याची भाजी. नुसता चावण्याचा आवाज. मी ताटाचा वाकलेला काठ अंगठ्याने चाचपत होतो.

जेवणं संपत आली तशी सत्यशीला टोपली घेऊन ओळीच्या सुरुवातीला उभी राहिली. हात टोपलीत गेला आणि थांबला. ती ओळीकडे पाहत होती. ओळीवरून नजर फिरत फिरत शेवटाला आली आणि माझ्यावर थांबली. वाकलेल्या ताटावर, मग माझ्यावर. तिचे ओठ हलले नाहीत. ती काही म्हणत नव्हती, मोजत नव्हती. तिला मोजता येतच नव्हतं. कपाळावर एक आठी आली, गेली, पुन्हा आली. मला वाटलं आपला चेहरा पाहून घाबरली. मी नजर खाली घातली. समोर वाढत असलेली वर्षा वाढता वाढता थांबली होती, तिच्या पळीतून वरणाचा थेंब पडत होता. आणि एकही केळं न वाटता सत्यशीला टोपली घेऊन वळली, सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि म्हणाली, 'पुरत नाही.'

'काहून पुरत नाही?' मोतीबाई आतून. 'मघाशी पुरले म्हणे तूच.'

'पुरत नाही.'

'वाटून तं पाह्य.'

'हा बसला,' सत्यशीला म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. आवाजात राग होता. 'हा बसला ना!'

सगळ्यांना पुरली होती. एक माणूस वाढला. केळं वाढलं नाही. म्हणून पुरत नाही. एकही केळं न वाटता. मी किती जणांना किती वर्षं शिकवलं असेल, आणि हे असं, उघडं, नुसतं, कुठल्याही आकड्याचं कातडं अंगावर नसलेलं, मी कधी डोळ्यांसमोर घडताना पाहिलं नव्हतं. जिन्यावरून आलेला तो हादरा पुन्हा टाचेतून वर आला. वर्षा हलली नाही. घाईघाईने बोललं तर ते उडून जाईल असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'मंग सत्या, आता कसं करावं?'

सत्यशीला विचार करत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. टोपली कमरेवर. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, 'तू ऊठ.'

मोतीबाई पदर तोंडाला लावून दारात बसलीच. 'अवो माय! पाहुण्याले उठवते काय वो जेवता जेवता!' मुलं हसली, कशाला हसायचं हे न कळता जोरजोरात हसली. मी खरोखर उठायला लागलो होतो. बरोबरच होतं तिचं. एक काढला की पुरतं. वर्षाने मला हाताने खाली बसवलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. 'उठू नका सर. सत्या, सर बसतील. दुसरं काही?' आता आठी फार वेळ राहिली. मग सत्यशीला मोतीबाईसमोर हात पसरून म्हणाली, 'दे एक.' मोतीबाई उठली, आतून एक डाग पडलेलं केळं आणलं आणि तिच्या हातावर आपटलं. 'घे. सावकारीण!'

मग तिने वाटली. एकेक, रोजच्यासारखी. डागाचं केळं माझ्या वाट्याला आलं. टोपली रिकामी झाली आणि मी सोलायला घेतलं, तर तिने माझा हात दाबून धरला. अजून झालं नव्हतं. ती ओळीच्या सुरुवातीला परत गेली आणि प्रत्येकाच्या केळ्याला बोट लावत आली, सगळी मुलं सोलायची थांबून राहिली होती, त्यांना हे माहीत होतं. बोट लावायची, क्षणभर थांबायची, पुढे जायची. माझ्यापर्यंत आली. माझ्या केळ्याला बोट लावलं. ते बोट गरम आणि थोडं चिकट होतं. मी हात आकसून घेतला नाही. 'पुरले,' ती म्हणाली. आणि मला कळलं की हे मी तिच्यात माझं काही पाहत नव्हतो. हे तिथे होतं. वाकलेल्या काठासारखंच ते होतं. उत्तर आल्यावरही तिला शंका होती आणि शंका फेडल्याशिवाय ती खाणार नव्हती. मी जन्मभर स्वतःला भित्रा समजत आलो, कुलूप पुन्हा ओढून पाहणारा, पत्र लिहून न टाकणारा. मला वाटायचं माझ्यात हिंमत कमी आहे. असेलही. पण तानाची ती हजेरी येडेपण नव्हती, एवढं आता मी कोणालाही सांगू शकलो असतो. सांगण्यासारखं कोणी उरलेलं नाही, ते वेगळं.

निघताना वर्षा फाटकापर्यंत आली. मला बोलायचं होतं, पण तोंडाने बोलायची मला सवय नाही. 'लिहून कळवतो,' मी म्हणालो. ती म्हणाली, 'बरं सर,' आणि तिचा चेहरा किंचित उतरला. संक्रांतीपासून तिने माझ्या लिहिण्याची वाट पाहिली होती. बस सुटली तेव्हा ती अजून फाटकाशी होती.

घरी येऊन हातपाय न धुता मी टेबलाशी बसलो. अंतर्देशीय नव्हतं, साधा कागद घेतला. 'चि. वर्षास अनेक आशीर्वाद. सत्यशीलाचे शंभर गेले हे खरं आहे. ते तिच्या वडिलांनी तिला दिले होते, म्हणून ते परत यायला हवेत. पण गाणं म्हणून, सायकलवर, त्या दोघांचे म्हणून. गणितात ते आधीही नव्हते. आज तिने केळी वाटण्याआधी सांगितलं की पुरणार नाहीत, आणि का नाहीत तेही सांगितलं. मी गणिताचा शिक्षक होतो. यालाच गणित म्हणतात. हे तिला बाटल्या भरता भरता सुचलं नसतं. वर्गात, कोणी थांबून वाट पाहिली म्हणून सुचलं. तिला वर्गातून काढणं म्हणजे मांडलेलं उदाहरण अर्ध्यात पुसणं. हे पत्र सचिवांना दाखव, आणि उकंडाभाऊंना वाचून दाखव. त्यांना मला समोर बोलवायचं असेल तर मी येतो. बोलता येणार नाही नीट, पण येतो. तुझा ताळा पाहिला. जुळतो.' खाली सही केली आणि तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. 'पुढच्या वेळी एक केळं जास्त आणायला सांग.'

वाचून पाहावंसं वाटलं. पुसून पुन्हा लिहावंसं वाटलं. सचिवांना हे आवडेल का, उदाहरण पुसण्याचं वाक्य जरा चढं झालं का. पाकीट चिकटवून टाकलं आणि चप्पल घालून निघालो, पोस्ट बंद व्हायच्या आत. दत्त चौकात गर्दी होती. पोस्टाच्या पायऱ्या मी खाली पाहून चढलो. लाल पेटीच्या तोंडात पाकीट सरकवलं, सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. मग मी बोटं आत घातली, जातील तितकी, आणि पत्र्याच्या काठाशी ते कुठे अडकलं नाही ना हे चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. पुन्हा एकदा पाहिलं.

'पडलं ना जी आत, आजोबा,' मागून कोणीतरी म्हणालं. 'सरका आता.'

मी सरकलो.